अठरा कोयते

कोप्या अठरा, उसाच्या पाचटाच्या, सहा-सहाच्या तीन ओळींत. चुली अठरा. पाण्याची टाकी एक, पाचशे लिटरची. तिचा नळ तुटलेला, म्हणून वरून तांब्याने पाणी काढायचं. संडास शून्य. प्रथमोपचाराची पेटी शून्य. ट्रॅक्टर दोन, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या. ट्रॉलीवर चढायच्या फळ्या दोन, दोन्ही चौदा फूट लांब आणि नऊ इंच रुंद. त्यांतली एक मधोमध चिरलेली आणि तारेने बांधलेली. सहा वर्षांखालची मुलं अकरा. हातात धरायचे लोखंडी कोयते एकतीस. काम करणारी माणसं छत्तीस: पुरुष अठरा, बायका अठरा, त्यांतली एक पाय मोडून बाजेवर.

ही मोजणी मी एका दिवसात दोनदा केली, सकाळी माणसं फडात जाताना आणि संध्याकाळी परतताना. दोन्ही वेळा आकडे तेच आले. खरं तर ती तीन आठवडे आधी करायला हवी होती. तेव्हा मी मोजलं नाही, विचारलं. सांगितलेला आकडा लिहून घेतला, आणि त्या आकड्यामुळे राहीबाई कामावर नव्हत्या असं कागदोपत्री ठरत आलं.

मी अरफा. सोनईच्या बाहेर, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा वजनकाटा आहे. बी.एस्सी. झाल्यापासून दीड वर्ष काट्यावर मीच बसते. अब्बा जुन्या टायरांच्या ढिगाच्या सावलीत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात आणि त्याला धंदा सांभाळणं म्हणतात. कारखान्याचा स्वतःचा काटा असतो. तरी ट्रॅक्टरवाले जाता-जाता आमच्याकडे एकदा खात्री करून घेतात. भरलेल्या वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरतो तो माल. लघुतम माप दहा किलो. त्याच्या खालचं मला काही सांगता येत नाही आणि मी सांगतही नाही.

अकरा जानेवारीला दुपारी गोरक्ष मुकादमाच्या टोळीचा ट्रॅक्टर काट्यावर न चढता बाजूलाच थांबला. ट्रॉलीत ऊस नव्हता. उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, एक बाई निजवली होती आणि तिचा नवरा तिचा डावा पाय दोन्ही हातांनी सरळ धरून बसला होता.

"नबीलालभाई, टेम्पो हाय का?" तो अब्बांना म्हणाला. "ट्रॉली लई आदळती. तिला सोसना."

तो बिभीषण. ती राहीबाई. दोघं पाथर्डी तालुक्यातली, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला येणारी. चिरलेल्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीत चढताना फळी दबली आणि त्या नऊ फुटांवरून खाली आल्या. मोळी वरून पडली. अब्बांनी टेम्पो काढला, मी मागे बसले. पूर्ण वाटेत राहीबाई एकदाही ओरडल्या नाहीत. फक्त एकदा म्हणाल्या, "मोळी कुनी उचलली का न्हाई?"

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आत सळई घातली. तीन महिने पायावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गोरक्ष मुकादम दवाखान्यात आला नाही. त्याचा निरोप आला: पाय बरा झाला की बघू. मग मी वाचायला बसले. कामावर असताना इजा झाली तर कामाला लावणाऱ्याने भरपाई द्यायची, असा कायदा आहे. मोबाईलवर तो सगळा वाचून मी राहीबाईंच्या खाटेशी गेले.

"मावशी, कायदा आहे. एकोणीसशे तेवीस सालचा."

"तेवीस म्हंजी कवाचं?"

"शंभर वर्षं झाली त्याला."

"माझ्या आजीच्या आदीचा!" त्यांनी बिभीषणकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग शंभर वर्सं त्यो ऱ्हायला कुनाच्या घरी? आमच्याकडं तर कदी आला न्हाई."

 मी अर्जाचा कागद काढला. एका रकान्यात टोळीतल्या एकूण कामगारांची संख्या लिहायची होती.

"तुमच्या टोळीत माणसं किती?"

"अठरा," राहीबाई म्हणाल्या. बिभीषणनेही मान हलवली.

मी अठरा लिहिलं.

तीन आठवड्यांनी आम्हाला नगरच्या कामगार कार्यालयात बोलावलं. राहीबाईंना प्रवास जमणार नव्हता, म्हणून बिभीषण आणि मी गेलो. तिथले साहेब शांत होते. त्यांनी माझा अर्ज आणि मुकादमाचं उत्तर शेजारी शेजारी ठेवलं, दोन्हींवर बोट ठेवलं.

"तुम्ही लिहिलंय, कामगार अठरा. मुकादमाच्या यादीत नावं आहेत अठरा. आकडा जुळतो. आता मला सांगा, या अठरांत राहीबाई कुठे आहे?"

यादी मी वरून खाली वाचली. सातव्या क्रमांकावर बिभीषण होता. बाराव्यावर छगन. सगळे पुरुष. खाली गोरक्ष मुकादमाने लिहून दिलं होतं की सदर महिला कामावर नव्हती, नवऱ्याला भाकर द्यायला आली असता पाय घसरून पडली.

"साहेब, हे खोटं..." मी म्हणेपर्यंत बिभीषण उठला. "सायेब, चौदा हंगाम झाले तिला. चौदा."

"तुमचं खोटं आहे असं मी म्हणत नाही," साहेब म्हणाले. "पण तुमच्याच अर्जातला आकडा त्यांच्या बाजूने बोलतोय. ती कामावर होती हे कागदाने दाखवा. पंधरा दिवस देतो."

एस.टी.त बिभीषण खिडकीकडे तोंड करून बसला. घोडेगाव आलं तेव्हा म्हणाला, "तिला भाकरीचं सांगू नगा."

पण सांगावं लागलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती मोजणी केली, जिच्यापासून ही गोष्ट सुरू झाली, आणि संध्याकाळी कोपीसमोर बाजेवर बसलेल्या राहीबाईंना विचारलं, "मावशी, माणसं छत्तीस आहेत. तुम्ही अठरा का सांगितलं?"

"अठराच की. अठरा कोयते."

"सातवा कोयता कोण?"

"ह्ये," त्यांनी बिभीषणकडे हात केला.

"आणि तुम्ही?"

"मी त्याच कोयत्यात."

मला ते तेव्हा कळलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळी चढते. हिशेब जोडीचा आणि वहीत नाव नवऱ्याचं. एकटा गडी आला तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो. हे सगळ्यांना इतकं माहीत आहे की कुणी ते मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मी कार्यालयात काय झालं ते सांगितलं. भाकरीचंही. राहीबाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. शेजारच्या कोपीतली रेश्मा, छगनची बायको, हातातलं पीठ तसंच ठेवून येऊन उभी राहिली होती.

"भाकर द्यायला," राहीबाई सावकाश म्हणाल्या. "कुनाच्या डोक्यावर हुती ती मोळी मग? भाकर काय मोळीवर ठेवून नेत हुते मी?"

"मुकादमाची भाकर तशीच आसंल," रेश्मा म्हणाली. "चाळीस किलोची."

"एकोणचाळीस," मी म्हणाले. मी वीस मोळ्या लटकत्या काट्यावर घेतल्या होत्या; सरासरी एकोणचाळीस किलो आली होती. राहीबाईंचं स्वतःचं वजन दवाखान्याच्या कागदावर त्रेचाळीस होतं.

कुणी हसलं नाही. राहीबाई आपल्या पायाकडे बघत होत्या.

"मुकादमानं न्हाई मोजलं, त्याचं मला काय न्हाई," त्या म्हणाल्या. "मला मीच मोजलं न्हाई. ही पोरगी इचारती, मानसं किती, न मी सांगते अठरा. माझ्या तोंडानं."

बिभीषण म्हणाला, "मीबी मान हलिवली."

"तुमी हलिवनारच," रेश्मा म्हणाली. "तुमी मोजनीत हुता की."

मग कागदाचं बोलणं निघालं. कोणता कागद दाखवायचा? हजेरी मुकादमाच्या वहीत, वहीत नावं अठरा. कराराच्या कागदावर अंगठे अठरा. मोबाईलमध्ये रेश्माचा एक फोटो होता, त्यात राहीबाई मोळीसकट दिसत होत्या, पण तो मागच्या वर्षीचा. मी म्हणाले की अर्जाला मी एक पुरवणी जोडणार आहे: यापुढे टोळीची नोंद कोयत्यांत होऊ नये, प्रत्येक माणसाचं नाव वेगळ्या ओळीत लिहावं, असा नियमच करावा. राहीबाईंनी मान डोलावली, पण म्हणाल्या, "नियम व्हईल तवा व्हईल. आपल्याला पंधरा दिस हायेत."

तेव्हा रेश्माने पिठाचे हात झटकले.

"वहीत आपन न्हाईच ना? मग फडात तरी कशाला जायचं? उद्या वहीपरमानं वागू. बसू हितंच."

"किती जनी?" राहीबाईंनी विचारलं.

"समद्या."

"मोज," राहीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पोहोचले तेव्हा टाकीच्या बाजूच्या बांधावर सतरा बायका बसल्या होत्या. अठरावी राहीबाई, बाजेसकट. चौघांनी बाज उचलून आणली होती. पुरुष फडात उतरले होते. गोरक्ष मुकादम मोटारसायकलवरून आला, गाडी स्टँडला न लावताच पाय टेकवून उभा राहिला.

"काय गं, काय लगीन हाय का आज कुनाचं?"

"न्हाई दादा," रेश्मा म्हणाली. "भाकरी घिऊन आलोय. भूक लागली का गड्यांना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला समजलं. "काट्यावरची पोरगी काय शिकवून गेली वाटतं. बसा की. मला काय? माझे अठरा कोयते फडात हायेत."

"हायेत ना," राहीबाई बाजेवरून म्हणाल्या. "बगू आज अठरा कोयते किती तोडत्यात."

तो गेला, आणि अर्ध्या तासाने परत आला. तोवर त्याने फडात काय पाहिलं ते मीही पाहिलं होतं. ऊस पडत होता, पण पडूनच राहत होता. छगनने बांधलेली मोळी फळीच्या तिसऱ्या पावलावर सुटली आणि ऊस घरंगळत खाली गेला. वाढं पिळून त्याने मोळी बांधायचं काम सतरा वर्षांत त्याने कधी केलं नव्हतं. तो वर बघून हसला आणि पुन्हा वेचायला लागला. बिभीषण एक मोळी घेऊन चढत होता, चिरलेल्या फळीवरून नव्हे, दुसरीवरून. आदल्या दिवशीच त्याने चिरलेली फळी ओढून चुलीशी टाकली होती आणि मुकादमाला सांगितलं होतं की ती आता जळणाला आहे.

मुकादमाने मोटारसायकलच्या पेटीतून वही काढली.

"खाडा टाकतो. एकेकीच्या नावावर खाडा टाकतो. मग कळंल."

न सांगता बुडवलेल्या दिवसाची वहीतली फुली म्हणजे खाडा, आणि ती हंगामाच्या शेवटी कापून घेतली जाते. दोन-तीन बायका चुळबुळल्या.

राहीबाई पुढे वाकल्या. "टाक. माज्यापासनं टाक. नाव काड माझं."

त्याने वही उघडली. मी जवळ होते, पान मला दिसत होतं. अठरा ओळी, अठरा नावं, प्रत्येकापुढे एकतीस चौकोन. त्याचं बोट सातव्या ओळीवर गेलं.

"ती वळ माझी न्हाई," राहीबाई म्हणाल्या. "ती ह्येंची. न ह्ये कामावर हायेत, तितं बग, डोक्यावर मोळी हाय. माझी वळ कुटं हाय ती दाव, न तीत खाडा टाक. म्या अंगठा दिते."

"माझी बी दाव, दादा," रेश्मा म्हणाली. मग मागून तिसरी म्हणाली, मग चौथी. कुणीतरी मागून हसली, आणि त्या हसण्याने बाकीच्यांची चुळबूळ थांबली.

त्याने वही मिटली. "पुढच्या साली एकीलाबी आननार न्हाई मी. ध्येनात ठेवा."

"यंदा तरी कुटं आनलंस?" रेश्मा म्हणाली. "तूच लिहून दिलंस ना नगरला."

तो माझ्याकडे वळला. "तू शिकलेली हायेस. कशाला गरिबांच्या पोटावर येतीस?"

"मुकादम," मी म्हणाले, "एकटा गडी आला तर त्याला तुम्ही काय म्हणता?"

"अर्धा कोयता."

"मग आज फडात किती कोयते आहेत?"

 त्याने मोटारसायकल चालू केली.

दुपारी कारखान्याचा फिल्डमन आला. उसाच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवायला हा माणूस फडोफड फिरतो. त्याने गड्यांची डोकी मोजली, अठरा. दोन्ही ट्रॅक्टर बघितले, एक रिकामाच होता. आभाळ बघितलं, निरभ्र होतं. बांधाकडे बघून त्याने काही विचारलं नाही. फक्त मुकादमाला म्हणाला, "संध्याकाळी गाडीबरोबर खुलासा पाठव, लेखी. नाहीतर उद्याचा नंबर दुसऱ्या टोळीला देतो." नंबर म्हणजे कारखान्यात ऊस उतरवायची पाळी.

या टोळीच्या मागच्या नऊ कामाच्या दिवसांच्या चिठ्ठ्या मी काट्यावर काढून ठेवल्या होत्या. दोन ट्रॅक्टर मिळून रोजची सरासरी चौतीस टन सहाशे किलो.

साडेपाचला एकच ट्रॅक्टर आला. मागून गोरक्ष मुकादम. तो उतरून अब्बांच्या खुर्चीशी गेला.

"नबीलालभाई, वजनाची चिठ्ठी द्या न एक कागद द्या. खुलासा लिहायचाय."

"काय लिहितोस?" अब्बांनी विचारलं.

"ट्रॅक्टर बिघडला म्हनून."

ट्रॅक्टरवाल्याने वरूनच मान वळवली. "माझा का बिघडवतोस? फिल्डमन माझ्या बॉनेटला टेकून बिडी पिऊन गेला."

"मग कोयते कमी आले म्हनून लिहितो."

"अठरा मोजून गेलाय तो," मी म्हणाले. "आणि कोयते कमी लिहिलं तर दोष तुमच्यावर येईल."

ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं. कारखान्याच्या फाटकावर नंबर लावणं सातला बंद होणार होतं. मुकादम कागदाकडे बघत उभा राहिला. त्याच्याकडे एकच कारण शिल्लक होतं, आणि ते खरं होतं, आणि त्यात त्याचा दोष नव्हता.

"बायकांनी काम बंद केलं म्हनून माल कमी," तो पुटपुटला आणि पेन काढलं.

"थांबा," मी म्हणाले. "आधी सांगते. याची एक प्रत मी नगरला देणार आहे. राहीबाईंच्या अर्जाबरोबर."

त्याचा हात थांबला. तो अब्बांकडे वळला. "भाई, तुमी तरी सांगा हिला. आपला रोजचा धंदा हाय."

अब्बा खुर्चीतून उठले नाहीत. "धंदा आहे म्हणूनच सांगतेय ती, गोरक्ष. न सांगता घेतली असती तर मी तिला बोललो असतो."

"न लिहिलं तर?"

"तर नंबर जाईल," मी म्हणाले. "तुमचा निर्णय."

ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला. मुकादमाने कागद बॉनेटवर ठेवला आणि लिहिलं: आज टोळीतल्या बायका कामावर न आल्यामुळे माल कमी भरला. बायका सतरा.

"सतरा नाही," मी म्हणाले.

"सतराच बसल्या हुत्या बांदावर. आठरावी बाजेवर हुती. तिचा पाय मोडलाय, ती कशी येनार?"

"कशी येणार, तेच लिहा."

त्याने पुन्हा ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग सतरावर काट मारली, वर अठरा लिहिलं, आणि पुढे जोडलं: पैकी राहीबाई बिभीषण ११ जानेवारीपासून पाय मोडल्याने कामावर नाही. खाली सही केली, तारीख घातली. मी मोबाईलवर कागदाचा फोटो घेतला आणि कागद त्याला परत दिला.

मग काट्यावर बसले आणि चिठ्ठी काढली.

भरलेलं वजन १९ टन ८७० किलो. रिकामं वजन ६ टन ९४० किलो. निव्वळ माल १२ टन ९३० किलो.